म्हणे, गोव्यात बस चालत नाही!

पणजीच्या पलीकडे पर्वरीला वाहतुकीची कोंडी झाली की एक मजकूर मोबाईलवर फिरू लागतो. मूळ लिहिणारा कोण ते कुणालाच माहीत नाही, पण हातोहात पुढे जाताना त्यात दोन-दोन ओळींची भर पडत जाते. आशय साधारण असा: गोव्यात सार्वजनिक वाहतूक चालणं शक्यच नाही. गोंयकाराला स्वतःची गाडी लागते, तो बसमध्ये बसत नाही, म्हणून सरकारी कदंब महामंडळाच्या गाड्या रिकाम्या फिरतात आणि सरकारचा पैसा बुडतो. वस्ती विखुरलेली, बस कुठे कुठे नेणार? कोंडी होते ती पर्यटकांमुळे. ती कुठे आहे ते मॅपवर दिसतंच, तेव्हा माहितीबिहितीची नाटकं नकोत. उपाय एकच: रस्ते रुंद करा, पूल बांधा, फेरीबोटी मोडीत काढा.

हा मजकूर लोकांना का पटतो ते कळतं. पाठवणारा रांगेत अडकलेला असतो आणि वाचणाराही. शिवाय त्यातली दोन-तीन वाक्यं निम्मी खरी आहेत. म्हणूनच एकेक मुद्दा हातात घेऊन बघावा म्हटलं.

‘बसगाड्या रिकाम्या धावतात’

मजकुराचा सगळा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून याला जरा जास्त वेळ देतो.

रिकामी बस खोटी नाही. सकाळी अकराला किंवा दुपारी तीनला मांडवी पुलावरून चार माणसं घेऊन जाणारी कदंब सगळ्यांनीच पाहिली आहे. पण तीच गाडी सकाळी म्हापशाहून किंवा डिचोलीहून किती माणसं घेऊन आली, ते अकरा वाजता घराबाहेर पडणाऱ्याला दिसलेलं नसतं. नऊला पणजीत भरून आलेली बस साडेनऊला परत जाताना रिकामी असणारच, कारण तिच्यातून आलेली माणसं संध्याकाळी परतणार असतात. नोकऱ्या एकीकडे आणि घरं दुसरीकडे असली की कुठेही हेच होतं. चर्चगेटहून सकाळी विरारकडे सुटणाऱ्या लोकलमध्येही पाय पसरून बसता येतं, म्हणून मुंबईत लोकल चालत नाही असं कोणी म्हणत नाही.

आता संध्याकाळी सहाच्या सुमारास पणजीच्या कदंब स्टँडवर जा. मडगाव आणि वास्कोच्या शटलसाठी रांग लागलेली असते. तिकीट आधी खिडकीवर काढायचं, जेवढ्या जागा तेवढीच माणसं, मधे कुठे थांबा नाही. रांगेत बँकेतला कारकून असतो, कॉलेजची पोरं असतात, इस्पितळातून परतणारी म्हातारी असते, खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेला तरुणही असतो. गाडी भरली की दार लागतं आणि उरलेले लोक पुढच्या गाडीची वाट बघत तिथेच उभे राहतात. फारशी कुरकुर होत नाही. बसमध्ये न बसणारा म्हणून ज्याचं वर्णन होतं, तो गोंयकार हाच.

शटलला लोक का येतात याचं उत्तर तिथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी मिळतं. बसायला जागा मिळेल हे ठाऊक असतं, गाडी वाटेत रेंगाळणार नाही हे ठाऊक असतं, आणि ही चुकली तर मागून दुसरी येणार हेही ठाऊक असतं. गाडी वातानुकूलित आहे की खटारा, हा प्रश्न नंतरचा.

याच स्टँडवर पलीकडे खासगी बस लागलेली असते. इंजिन चालू, ड्रायव्हर क्लच दाबून गाडी वीतभर पुढे घेतो, वीतभर मागे, म्हणजे आता निघतेच आहे असं वाटून धावणारा धावत येतो. कंडक्टर दारात लोंबकळून गावाचं नाव एका श्वासात पाच वेळा ओरडतो. आत ‘फुडें वच, फुडें वच’ चालू. बस स्टँडच्या तोंडाशी येते आणि थांबते. पुढच्या थांब्यावर पुन्हा थांबते. मग आरशात मागची बस दिसली की हाच ड्रायव्हर असा सुटतो की उभ्या माणसाला दांडा दोन्ही हातांनी धरावा लागतो.

यात ड्रायव्हरचा स्वभाव शोधू नये. त्याच्या मालकाची कमाई फक्त तिकिटांची आहे. परमिटवर वेळा लिहिलेल्या असतात, पण पैसे वेळेवर पोचण्याचे मिळत नाहीत, माणसं गोळा करण्याचे मिळतात. पुढच्या बसपासून जितका लांब राहील तितकी वाटेतली जास्त माणसं त्याची, म्हणून तो रेंगाळतो. मागच्याने गाठलं तर पुढची सगळी माणसं त्याची, म्हणून तो पळतो. याचा परिणाम असा की एकाच मार्गावर तीन बस पाठोपाठ येतात आणि मग पाऊण तास काही येत नाही. साडेनऊला टेबलावर हजर व्हायचं असलेल्या माणसाने यावर दिवस कसा लावायचा? तो वर्षभर सोसतो आणि मग हप्त्यावर स्कूटर घेतो.

या दुखण्यावरचं औषध नवं नाही. बसमालकाला किलोमीटरमागे ठरलेले पैसे द्यायचे आणि तिकिटाचे पैसे महामंडळाने घ्यायचे. म्हणजे रेंगाळून फायदा नाही आणि पळूनही नाही. सरकारची ‘म्हजी बस’ योजना याच दिशेची आहे. मुंबईत बेस्टने भाडेतत्त्वावर गाड्या घेतल्या त्या याच हिशेबाने, आणि तिथे कंत्राटदार मधेच काम सोडून गेल्याने प्रवाशांचे हालही झाले. तेव्हा योजना जाहीर केली म्हणजे झालं असं नाही. बसमालकाला वेळेवर पैसे मिळणं आणि न धावलेल्या फेरीचा दंड त्याच्याकडून वसूल होणं, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. पण वीस-तीस वर्षं एक पद्धत राबवायची, ती प्रवाशाला पळवून लावते हे बघायचं आणि मग म्हणायचं की गोंयकाराला बसच नको, हे कसं?

एक बाजू मात्र कोणीच मांडत नाही. रात्रीची.

गोव्यात हॉटेलं, दुकानं, औषधांचे कारखाने, इस्पितळं यांत काम करणाऱ्यांचा दिवस पाच वाजता संपत नाही. डिचोली, साखळी, पेडणे, केपे या बाजूला रात्री आठनंतर बस मिळेल की नाही याची धाकधूक असते. पणजीतल्या कपड्यांच्या दुकानात काम करणारी मुलगी नऊला सुटते. तिला सकाळी यायला बस आहे, वेळेची आहे, रिकामीही असेल. पण रात्री जायला नाही. म्हणून ती सकाळीही स्कूटरनेच येते, कारण स्कूटर अर्ध्या दिवसासाठी घरी ठेवता येत नाही. रात्रीची एक बस नसल्याने सकाळच्या बसमधलं एक सीट रिकामं राहतं. मग त्याच रिकाम्या सीटचा फोटो काढून ‘बघा, लोक बसने येत नाहीत’ म्हणून पाठवला जातो.

‘रस्ते रुंद करा, पूल बांधा’

पूल नकोत असं माझं म्हणणं मुळीच नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. त्यानंतर पणजी आणि बेती यांच्यामध्ये फेरीबोटीतून काय गर्दी जात होती ते आमच्या आधीच्या पिढीने भोगलं आहे. जुन्या झुआरी पुलाची अवस्था, त्यावर अवजड वाहनांना बंदी, आगशी आणि कुठ्ठाळीच्या दोन्ही तोंडांना लागणाऱ्या रांगा, हे तर काल-परवाचं. नव्या झुआरी पुलाचा पहिला चौपदरी भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरा वर्षभराने खुला झाला आणि तिथली घुसमट खरोखर सुटली. नदी ओलांडायला दुसरा रस्ताच नव्हता, तिथे पूल लागणारच होता.

पण तोच न्याय सगळीकडे लावता येत नाही. अटल सेतू घ्या. ५.१ किलोमीटर लांब, केबलवर तोललेला, २७ जानेवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेला. फोंडा-मडगावकडून म्हापशाला जाणाऱ्याने पणजीत शिरू नये म्हणून बांधलेला. तो आता पणजीत शिरत नाही हे खरं. पण पर्वरीला उतरतो आणि तिथे थांबतो. रांग गेली नाही, नदीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. म्हणून आता पर्वरीला सहापदरी उड्डाणपूल चालू आहे. तो झाला की रांग त्याच्या पलीकडच्या टोकाला जाणार नाही, असं कोणी छातीठोकपणे सांगावं. शिवाय अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. गोव्यात सर्वांत जास्त जे वाहन दिसतं, त्यालाच हा पूल नाही. तरी ‘सगळ्यांसाठी पूल’ म्हणायचं.

रस्ता वाढवला की गाड्या वाढतात, यावर जगभर पुरेसं मोजमाप झालेलं आहे. डुरॅंटन आणि टर्नर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांचे आकडे तपासून दाखवलं की हमरस्त्यांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवासही वाढतो. इतक्या लांब जायचं नसेल तर मुंबई आहे. १९९५ नंतरच्या युती सरकारच्या काळात तिथे डझनावारी उड्डाणपूल झाले. एका उड्डाणपुलावरून उतरून दुसऱ्याच्या पायथ्याशी थांबणाऱ्या मुंबईकराला विचारा.

अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचे आकडे असे आहेत: शहरातल्या एका पदरातून मिश्र वाहतुकीत तासाला सहाशे ते सोळाशे माणसं जातात, आणि तोच पदर बससाठी राखून ठेवला तर चार ते आठ हजार. आपल्याकडे दुचाक्या जास्त असल्याने पहिला आकडा वर जाईल, ते मान्य. पुण्यात बीआरटीचं, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गाचं, काय भजं झालं तेही मराठी वाचकाला सांगायला नको. तरीही पर्वरी ते मेरशी या पट्ट्यात गर्दीच्या दोन तासांपुरता एक पदर बसला देऊन बघितलाय का कोणी? उड्डाणपुलाच्या खर्चापुढे पांढऱ्या पट्ट्याचा रंग आणि चार पोलीस म्हणजे काहीच नाही. त्यासाठी गाडीवाल्याला थोडं नाराज करावं लागेल, खरी अडचण तिथे आहे.

‘वस्ती विखुरलेली आहे’

हा मुद्दा ऐकायला सर्वांत शहाणा वाटतो. पण २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी होती, राज्यांमध्ये सर्वांत जास्त. म्हापसा ते पणजी तेरा किलोमीटर. पणजीहून मडगाव, वास्को, फोंडा, डिचोली यांतलं काहीही चाळीस किलोमीटरच्या आतच. सगळी मोठी गावं तीन-चार हमरस्त्यांना लागून. बसच्या दृष्टीने ही सोयीची रचना झाली. अवघड आहे तो घर ते हमरस्ता हा शेवटचा तुकडा. सत्तरीतल्या किंवा सांग्यातल्या वाड्यावर दर अर्ध्या तासाला बस जाणार नाही. तिथल्या माणसाला दुचाकी लागेल, आणि त्याला कोणी नाकं मुरडू नयेत. पण त्याने ती पणजीपर्यंत का आणावी? साखळीच्या स्टँडवर सुरक्षित ठेवता आली आणि पुढची बस वेळेवर असली तर तो तिथेच ठेवील.

आणि शेवटच्या तुकड्यासाठी आपल्याकडे पायलट आहेत. पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल, स्टँडच्या कोपऱ्यावर झाडाखाली रांगेत उभी. बाईक-टॅक्सी चालू द्यावी की नाही यावर बाकीची राज्यं ॲप आल्यावर भांडत बसली. गोव्यात परवाना घेतलेले पायलट कित्येक दशकं लोकांना बाजारातून घरी सोडत आहेत. त्यांना बसच्या वेळांशी जोडायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, इतकंच.

गोंयकार मोठ्या वाहनात एकत्र बसायला तयार नाही म्हणणाऱ्याने सकाळी वेर्णा औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला उभं राहावं. कारखान्यांनी भाड्याने घेतलेल्या बस ओळीने येतात, माणसांनी भरलेल्या. शाळांचे बालरथ तसेच. कुठे थांबणार आणि किती वाजता येणार हे ठाऊक असल्यावर माणसं बसमध्ये बसतात, मग ती बस कुणाचीही असो.

‘कोंडी पर्यटकांमुळे होते’

डिसेंबरात कळंगुट-बागा रस्त्यावर, नाताळ ते नववर्ष, हे अगदी खरं. वर्षाला कोटीच्या आसपास पर्यटक १५ लाखांच्या राज्यात येतात, त्यांतले कित्येक भाड्याच्या गाड्या चालवतात आणि वळणावर सेल्फी काढायला थांबतात. संताप येतोच. पण जुलैतला पावसाचा सोमवार घ्या. किनारा ओस, शॅक काढून ठेवलेले. सकाळी पावणेनऊला पर्वरीची रांग तेवढीच असते. त्या रांगेतल्या गाड्यांचे नंबर वाचा. जीए, जीए, जीए. आतली माणसं मोजलीत तर बहुतेक एकेक.

‘मॅपवर सगळं दिसतं’

मॅपवर लाल रेघ दिसते हे खरं, पण ती गाडी चालवणाऱ्यासाठी असते. पुढे तुंबलंय, तू आतून जा, असं मॅप त्याला सांगतो. मग पर्वरीची गर्दी सुकूर, पिळर्ण, साल्वादोर द मुंद, नेरूलच्या गल्ल्यांतून वाहू लागते. जिथे एक गाडी आली की दुसरीने कुणाच्या तरी अंगणाच्या गडग्याला चिकटून उभं राहायचं, अशा रस्त्यांवर शे-दीडशे गाड्या. गावातल्या लोकांनी मोठमोठे दगड टाकून वाट अडवली तर त्यांना दोष देणं मला जमत नाही.

थांब्यावर छत्री धरून उभ्या असलेल्या बाईला मॅप काय सांगतो? रस्ता कुठे तुंबलाय ते सांगेल. तिची बस निघाली की नाही, वाटेत कुठे आहे, आज येणार तरी का, ते नाही. तिने आणखी दहा मिनिटं थांबावं की पायलट घ्यावा, हा तिचा प्रश्न. त्याचं उत्तर तिला मिळालं तर ती उद्याही बसच्या थांब्यावर येईल. नाही मिळालं तर ती मुलाला म्हणेल, बाबा, तू सोड मला. आणि घरातून आणखी एक गाडी बाहेर पडेल.

ही माहिती देणं अवघड राहिलेलं नाही. थांबे, मार्ग आणि वेळा एका ठरलेल्या साच्यात लिहून खुल्या ठेवायच्या, म्हणजे कोणतंही ॲप त्या उचलून दाखवू शकतं. हा साचा जीटीएफएस या नावाने ओळखला जातो. तो २००५ मध्ये पोर्टलँड शहराच्या बससेवेने आणि गूगलने मिळून केला आणि आज जगभर वापरला जातो. कोची मेट्रोने २०१८ मध्ये आपली माहिती अशी खुली केली, दिल्लीने त्याच वर्षी बसची. दिल्लीच्या बसच्या तुलनेत आपल्या फेऱ्या त्या किती! एका तालुक्याच्या वेळा तर दोन तरुण पोरं आठवड्यात गोळा करून देतील. खासगी बसच्या वेळा परमिटवर छापलेल्याच आहेत. त्या वाहतूक खात्याच्या कपाटात आहेत आणि प्रवाशाला माहीत नाहीत, एवढीच अडचण.

मोबाईलच हवा असंही नाही. पुष्कळ थांब्यांवर साधा पत्र्याचा फलक नाही. शेडवर आमदाराचं नाव ठळक अक्षरांत, कधी त्याच्या हसऱ्या फोटोसह. बस किती वाजता येते ते मात्र कुठेच नाही. त्याच शेडवर त्याच रंगाऱ्याकडून बसच्या वेळाही लिहून घ्यायला किती खर्च आला असता?

रस्त्याच्या कामांचंही तसंच. वळण बदलतं, एखादा रस्ता एकेरी होतो, जड वाहनं रात्रीपुरती दुसरीकडे वळवली जातात. त्याचा आदेश निघतो, तो सरकारी भाषेत असतो, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतो आणि बहुतेकांना तिथे पोचल्यावरच कळतो. कार्निव्हल, शिगमो, इफ्फी, जुन्या गोव्याचं सायबाचं फेस्त, या सगळ्यांच्या तारखा महिनोन् महिने आधी ठरतात. तरी रस्ता बंद असल्याचं पोलिसाने हात दाखवल्यावर समजतं. मेरशी जंक्शनवर १ जून २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा सिग्नल आहे, कॅमेरे गाडीचा नंबर टिपून चलन घरी पाठवतात. चांगलं आहे, हेल्मेट डोक्यावर दिसू लागली. पण नंबर वाचू शकणारी यंत्रणा ‘मेरशीला आज वीस मिनिटं लागतायत, रायबंदरने जा’ एवढंही सांगू शकली पाहिजे. चलनाची हुशारी माहितीसाठी का वापरायची नाही?

‘फेरीबोटी मोडीत काढा’

मजकुरात ही ओळ बहुधा नंतर कोणीतरी घुसडली असावी, कारण बाकीच्याशी तिचा मेळ नाही. चोडण बेटावरच्या माणसाला पणजी गाठायची तर समोर रायबंदरला पाच-सात मिनिटांची फेरी, नाहीतर मये-डिचोलीकडून लांबचा वळसा. दिवाडीचं आयुष्यच फेरीच्या वेळांवर चालतं. पायी माणसाला पैसे पडत नाहीत, आणि दुचाकीला तिकीट लावायचा विचार सरकारने केला तेव्हा बेटांवरचे लोक असे उठले की तो गुंडाळावा लागला. २०२५ मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो फेरीही आली, म्हणजे गाड्या थेट चढवता-उतरवता येणारी बोट.

कोचीकडे बघा. तिथेही बेटं, तिथेही जुनाट बोटी होत्या. त्यांनी एप्रिल २०२३ मध्ये वॉटर मेट्रो सुरू केली. विजेवर चालणाऱ्या बोटी, शंभर माणसांच्या, कोचीन शिपयार्डमध्ये बांधलेल्या. धक्का बोटीच्या पातळीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला उडी मारावी लागत नाही. बोट किती वाजता ते फलकावर दिसतं. मांडवी आणि झुआरीच्या काठी राहणाऱ्या आपल्याला नदी म्हणजे फक्त ओलांडायची अडचण वाटते, आणि नदीत जागा आहे ती कॅसिनोला. असो, तो वेगळा विषय.

‘कदंब तोट्यात आहे’

आहे, आणि राहील. १९८० मध्ये स्थापन झालेलं महामंडळ आजवर सरकारी मदतीवर चाललं, पुढेही चालेल. पण अटल सेतूवर टोल नाही, तरी त्याला तोट्यातला पूल कोणी म्हणत नाही. रस्त्यावरचे पैसे खर्च आणि बसवरचे पैसे मात्र बुडाले, ही कुठली हिशेबाची पद्धत?

बसचा तोटा वाचवला तर तो पैसा घराघरातून जातो. चार माणसांच्या घरी तीन दुचाक्या आणि एक चारचाकी, प्रत्येकीचा हप्ता, विमा, पेट्रोल. २०११ ची लोकसंख्या १४.५८ लाख, नोंदलेली वाहनं आज त्याहून जास्त आहेत. त्यातली कित्येक कधीच भंगारात गेली, नाव मात्र कागदावर राहिलं. तरी चित्र बदलत नाही. आणि या राज्यात दर वर्षी अडीचशेच्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात, त्यांत सर्वाधिक दुचाकीवरची. जवळपास प्रत्येक गावात असं एक घर सापडेल. महामंडळाच्या ताळेबंदात याचा रकाना नसतो.

भाड्याचं म्हणाल तर बेस्टचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बघण्यासारखं आहे. जुलै २०१९ मध्ये त्यांनी किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, माणसं बसकडे परतली. मे २०२५ मध्ये ते दहा केलं, माणसं घटली. लोकांना बस आवडते किंवा आवडत नाही असं कायमचं काही नसतं.

उड्डाणपूल होईल तेव्हा होईल. तोवर पणजीहून उरलेल्या अकराही तालुक्यांच्या ठिकाणी रात्री साडेनऊ-दहाला प्रत्येकी एक बस सोडावी, तिची वेळ स्टँडवर आणि वाटेतल्या थांब्यांवर लिहावी, आणि पहिले सहा महिने ती रिकामी धावली तरी बंद करू नये. कदंबला अकरा गाड्या जड नाहीत.